गार खोली

आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा होता, तरी मला तो एकाच खोलीचा आठवतो. हॉल होता, त्यात सोफा होता, भिंतीवर टीव्ही होता. धाकटी बेडरूम माझी म्हणून घेतलेली होती. स्वयंपाकघर होतं आणि त्याला लागून कपडे वाळत घालायची छोटी गॅलरी. पण बारावीनंतरच्या ज्या काळाबद्दल लिहायला मी बसले आहे, त्या काळात आई, बाबा आणि मी असे आम्ही तिघं राहत होतो ते मोठ्या बेडरूममध्ये. बाकीचं घर नुसतं ओलांडायला उरलं होतं. बेडरूममधून बाहेर पडायचं, तापलेल्या वाळूवरून अनवाणी पळावं तसं पळत बाथरूमला जायचं, पळतच परत यायचं आणि आत पाऊल टाकायच्या आधी बाबांचा आवाज ऐकायचा, "दार लाव."

त्याआधी आम्ही पनवेल गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर राहायचो. तिथे भर दुपारी दिवा लावावा लागे. म्हणून तळोज्याच्या बाजूला नवे टॉवर उठले तेव्हा बाबांनी हट्टानं सगळ्यात वरचा मजला घेतला. "आता आपल्या डोक्यावर कुणी नाही," असं ते येईल त्या पाहुण्याला सांगत. पहिली थंडी फार सुखाची गेली. एका खिडकीतून खारघरचा डोंगर दिसायचा, दुसरीतून कारखान्यांची धुराडी, आणि मधून असा वारा वाहायचा की आईला गॅससमोर ताट आडवं धरून फोडणी करावी लागे. समोरच्या फ्लॅटमध्ये पारूमावशी होत्या. त्या मूळच्या बेलपाड्याच्या. त्यांच्या घरच्यांची आधी मिठागरं होती, मग जमिनी विकल्या गेल्या आणि त्या बदल्यात त्यांच्या मुलांकडे आमच्याच टॉवरमध्ये तीन-चार फ्लॅट आले. मावशी मात्र कुठल्याच मुलाकडे न राहता आमच्या समोर एकट्या राहत आणि त्यांचं दार सकाळपासून रात्री निजेपर्यंत सताड उघडं असे.

मग उन्हाळा आला आणि डोक्यावर कुणी नसणं म्हणजे काय ते आम्हाला कळलं. वरचा स्लॅब दिवसभर ऊन पीत राही आणि रात्रभर ते आमच्यावर ओतत राही. पश्चिमेची भिंत संध्याकाळी हाताला चटका द्यायची. नळाचं पाणी असं यायचं की त्यात चहाची पावडर टाकावी. खिडक्या उघडाव्यात तर संध्याकाळनंतर कुठून तरी कुजकट, गोडसर वास यायचा आणि घशात बसायचा. कुठल्या कारखान्यातून येतो ते कुणी छातीठोकपणे सांगत नसे. तेव्हा त्या उन्हाळ्याला आम्ही भयंकर म्हणायचो. आता या वयात, इतके उन्हाळे काढल्यावर, तो मला आठवणीत बराच सौम्य वाटतो. पण अंगावर असतो तो उन्हाळा आपल्याला खरा वाटतो, पुढचे माहीत नसतात हे बरंच म्हणायचं.

बाबा एका गोदामात स्टोअरचे इनचार्ज होते. वर पत्रा, खाली सिमेंट, आणि माल उतरवून घेताना दाराशी उभं राहायचं काम. नव्या घरातल्या दुसऱ्या एप्रिलमध्ये एका दुपारी ते असेच उभे असताना असंबद्ध बोलायला लागले. त्यांचे वडील जाऊन खूप वर्षं झाली होती, त्यांना ते मोठमोठ्यानं हाका मारत होते असं हमालांनी नंतर सांगितलं. अंगाला हात लावला तर तवा, आणि घामाचा थेंब नाही. मग ते कोसळले. त्या लोकांनी प्रसंगावधान राखून त्यांना सावलीत ओढून पाइपनं पाणी घातलं, म्हणून बाबा आम्हाला परत मिळाले. दवाखान्यातून घरी आले तेव्हा शरीर हळूहळू सावरलं. डॉक्टरांनी जाताना सांगितलं होतं की एकदा असं झालं की काही काळ शरीर उष्णतेला लवकर दबतं, जपा. त्यातलं "काही काळ" बाबांनी सोडून दिलं आणि "जपा" तेवढं धरून ठेवलं.

आणि त्यांनी जपायला सुरुवात केली. मालक माणूस भला होता, त्यानं साठ्याच्या नोंदी घरूनच कॉम्प्युटरवर करायचं काम दिलं. मोठ्या बेडरूममध्ये एसी बसला. त्याचं बाहेरचं यंत्र कुठे ठेवायचं असा प्रश्न आला तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी दर्शनी भिंतीवर लावायला मनाई केली. मग बसवणारा म्हणाला, "साहेब, किचनच्या गॅलरीत लावतो, पाइप पण कमी लागेल." सगळ्यांना ते सोयीचं वाटलं, आईलासुद्धा. कपड्यांची दोरी तेवढी तिनं वर सरकवून घेतली.

पहिल्या दिवशी आम्ही तिघं पलंगावर ओळीनं आडवे पडलो होतो आणि त्या गारव्यात आई चक्क गाणं गुणगुणत होती, हे मला पक्कं आठवतं. पण बाबांना तेवढ्यानं पुरेना. कुठून तरी उष्णता आत येतेच आहे असं त्यांना सारखं वाटायचं. त्यांनी खिडकीच्या काचांना काळी फिल्म लावली. त्यावर थर्माकोलचे तुकडे मापात कापून बसवले आणि कडांना पट्ट्या चिकटवल्या. दाराच्या चौकटीला फोम लावला. दाराच्या खालच्या फटीसाठी आईच्या जुन्या साडीची गुंडाळी करून ती पायानं नीट सारून ठेवायची सवय त्यांनी आम्हालाही लावली. आकडा चोवीसवर होता तो बाविसावर आला, मग विसावर, आणि पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत अठरावर. मेच्या भर दुपारी मी स्वेटर घालून जीवशास्त्राची प्रकरणं पाठ करायचे. मेडिकलच्या प्रवेशाचे मार्क हुकले होते म्हणून मी एक वर्ष घरी बसून पुन्हा तयारी करत होते. कॉलेज नाही, मैत्रिणी आपापल्या गावी पांगलेल्या. टेबल खिडकीकडे तोंड करून होतं, पण खिडकीच्या जागी पांढरा थर्माकोल. सकाळ आहे की संध्याकाळ ते मोबाइल बघून कळायचं.

त्या खोलीला एक लय होती. यंत्र घरघरत राही, मग खट् असा आवाज होऊन थांबे, आणि पुन्हा चालू होईपर्यंतच्या शांततेत बाबांची बोटं कीबोर्डवर थबकत. ते वाट बघत. पुन्हा घरघर सुरू झाली की बोटं चालू. त्यांना ते कळत नसे, पण मी त्यांच्याकडे पाठ करून बसले असतानाही ऐकत असे. मला मैत्रिणीशी फोनवर बोलायचं असलं तरी ते त्या दोघांच्या कानावर बोलावं लागे. रडायचं असलं तर हॉलमध्ये जाऊन रडावं लागे, आणि हॉलमध्ये दहा मिनिटांच्या वर रडता येत नसे इतकं गदमदायचं. गारवा हवा असेल तर एकटं राहता येणार नाही आणि एकटं राहायचं असेल तर भाजून घ्या, असा तो सौदा होता. बाहेरचं जग माझ्यासाठी दोन आवाजांचं झालं होतं. एक स्वयंपाकघरातला कुकर, त्याची शिटी फोम आणि साडीच्या गुंडाळीतून लांबच्या गावातून आल्यासारखी यायची. दुसरा पारूमावशींचा. त्या पॅसेजमध्ये उभ्या राहून खालच्या मजल्यावरच्यांशी बोलायच्या.

जेवणही बदललं. बंद खोलीत वास कोंडून राहतो म्हणून लसणाची फोडणी गेली, सुके बोंबील गेले, जवळा गेला. आई नेऱ्याची, डोंगराच्या पायथ्याशी तिच्या भावांची शेती. तिथून दरवर्षी कडवे वाल यायचे आणि आमच्याकडे बिरडं व्हायचं. त्या वर्षी वाल डब्यात तसेच राहिले, कारण बिरड्याचा वास पडद्यांना दोन दिवस सोडत नाही असं बाबांचं म्हणणं. दहीभात, उपमा, काकडी असं काहीतरी पांढरं-पांढरं आम्ही पलंगावर वर्तमानपत्र पसरून खायचो. एका गोष्टीवर मात्र बाबा अडून असायचे, ती म्हणजे तांदळाची भाकरी. आई बाकीचा स्वयंपाक उजाडायच्या आत उरकायची, पण भाकरी सकाळी करून ठेवली तर त्या कोरड्या गारव्यात दुपारपर्यंत तिचा पापड व्हायचा. म्हणून भाकऱ्या ऐन दुपारी, जेवायच्या वेळी. कुणी ठरवलं नव्हतं, तसंच चाललं होतं.

आई भाकऱ्या थापून आत यायची तेव्हा तिचा गाऊन पाठीला चिकटलेला असायचा. दार उघडून ती उंबऱ्यावर क्षणभर थांबायची, आतला गारवा तिच्या ओल्या पाठीवर यायचा आणि तिचे दात वाजायचे. तिला सारखी सर्दी असे. मानेवर घामोळं उठून त्याची लाल चादर झाली होती. कधी कधी ती आत न येता हॉलमध्ये फरशीवरच बसायची. बाबा विचारायचे, "आत का येत नाही ही?" मी म्हणायचे, "तिला थंडी वाजते." दोन्ही खरंच होतं, तिला थंडीही वाजत होती आणि ती आतही येत नव्हती.

नेऱ्याला आईच्या भाचीचं लग्न होतं. आई चार दिवस गेली आणि आली ती वेगळ्याच तोंडवळ्याची. मानेवरचं घामोळं सुकलेलं. पिशवीत तांदळाचं पीठ, आंबे आणि कागदात नीट गुंडाळलेले बोंबील. "तिकडेही उन्हाळा काही कमी नाहीये," ती मला म्हणाली. "दादाच्या विहिरीनं तळ गाठलाय. पण दुपारी सगळे पडवीत पडतात गं. सगळे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाणी प्यायला बाहेर आले, तेव्हा स्वयंपाकघरातून काहीच आवाज येत नव्हता. भाकरी थापण्याचा आवाज नाही, बांगड्यांचा नाही. डोकावले तर आई ओट्याला पाठ टेकून खाली बसलेली, तोंड पांढरं, आणि तव्यावर भाकरी करपत होती. मी गॅस बंद केला. तिला वारा मिळावा म्हणून गॅलरीचं दार पूर्ण उघडलं, आणि माझ्या तोंडावर वाफेसारखा झोत आला. बाहेरचं ऊन एवढं नव्हतं. तो झोत त्या यंत्राचा होता. पंखा फिरत होता आणि खोलीतून उपसलेली सगळी उष्णता सरळ स्वयंपाकघरात सोडत होता. इतके महिने आम्ही आत बसून जे बाहेर टाकत होतो ते नेमकं कुठे जात होतं, ते मला तिथं उभं राहून कळलं.

"आई, हे..."

"माहितीये," ती म्हणाली. "मीठ-साखरेचं पाणी दे. आणि आत सांगू नकोस."

"का?"

"घाबरतील ते. गरमीनं कुणी पडलं म्हटलं की त्यांना रात्रभर झोप नाही येत."

मी पाणी दिलं. ती उठली, करपलेली भाकरी बाजूला काढली आणि नवीन थापायला घेतली. मी सांगितलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी जेवायच्या वेळेला बेडरूमचं दार उघडलं आणि आई आत आली ती हातात इंडक्शनची शेगडी घेऊन. काखेत परात, हातावर पिठाचा डबा. तिनं माझ्या टेबलाखालची एक्स्टेन्शनची वायर ओढून घेतली, फरशीवर वर्तमानपत्र पसरलं, शेगडी ठेवली, तवा ठेवला, आणि मांडी घालून बसली.

"हे काय?" बाबा खुर्चीतून वळून म्हणाले.

"स्वयंपाक."

"इथे?"

"मग कुठे? आपलं घर एवढंच आहे ना आता."

बाबांना आधी ती चेष्टा वाटली. मग तिनं कागदाची पुडी सोडली, बोंबिलांची डोकी मोडली आणि ते तव्यावर टाकले. क्षणात खोली त्या वासानं भरली. कोंडलेल्या खोलीत सुक्या मासळीचा वास काय होतो हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. आणि खरं सांगते, त्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

"माधवी, डोकं फिरलंय का तुझं?"

"फिरलं होतं. परवा. खाली बसले मी ओट्यापाशी. मनूला विचारा."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग मला का नाही सांगितलं?"

"सांगून काय केलं असतंत? दार लाव म्हणाला असतात."

बाबा उठून उभे राहिले. ते शेगडीकडे, तव्यातून उठणाऱ्या धुराकडे बघत होते. आई शांतपणे बोंबील उलटत होती. "बंद कर ते," ते एवढंच म्हणाले, आणि पुन्हा म्हणाले, "बंद कर. गरम होतंय." तेवढ्यात भिंतीवरच्या बोर्डातून चर्र झालं, निळी ठिणगी दिसली, प्लास्टिक जळल्याचा वास आला, आणि यंत्र, शेगडी, दिवा, कॉम्प्युटर, सगळं एकदम बंद पडलं.

थर्माकोलमुळे खोलीत अंधार झाला. पण मला अंधारापेक्षा शांतता आठवते. ती घरघर थांबली होती आणि ही नेहमीची थांबणारी नव्हती. आम्ही तिघंही पुन्हा खट् व्हायची वाट बघत राहिलो. आई सावध होती. तिनं मोबाइलच्या उजेडात बाहेर जाऊन मेन स्विच पाडला, कारण बोर्ड अजून धुमसत होता. इंटरकॉम बंद, म्हणून मी मोबाइलवरून गेटवर फोन लावला. वॉचमन म्हणाला, वायरमन दुसऱ्या इमारतीत आहे, संध्याकाळपर्यंत येईल. हे मी मोठ्यानं सांगायला नको होतं.

"संध्याकाळपर्यंत?" बाबा म्हणाले.

गारवा किती पटकन जातो! आम्हाला वाटायचं आम्ही तो साठवून ठेवला आहे, इतक्या पट्ट्या लावून, इतका फोम लावून. पण वरचा स्लॅब वाटच बघत होता. थोड्याच वेळात खोली कोंदट झाली, मग उबट, मग गरम. धूर जायला जागा नव्हती. बाबा कपाट आणि पलंगाच्या मधल्या बेचक्यात जाऊन बसले, फ्रिजमधली बाटली गालाला लावून. त्यांचा श्वास जोरात चालला होता. "मला पुन्हा होतंय ते," ते म्हणाले. "तोंड कोरडं पडलंय. होतंय ते." आई त्यांचा हात धरून म्हणत होती, "काही होत नाहीये, चला हॉलमध्ये," आणि ते मान हलवत होते. हॉल याहून गरम आहे. बाहेर याहून गरम आहे. जायचं कुठे?

मी सुरी आणली आणि थर्माकोल कापायला लागले. पट्ट्या पक्क्या बसल्या होत्या. थर्माकोलचे पांढरे दाणे केसात, डोळ्यांत, बोंबिलांच्या तव्यात उडाले. खिडकीचं सरकतं दार इतक्या महिन्यांत हललं नव्हतं, ते अडकून बसलं होतं. मी पलंगावर उभी राहून सगळा जोर लावला तेव्हा ते वीतभर सरकलं. बाहेरून ऊन आत आलं, गरम हवा आली, पण ती हवा होती. धूर तिकडे वळला. बाबांनी डोळ्यांवर हात घेतला.

बाहेरचं दार मात्र आईनं मेन स्विच पाडायला जाताना उघडं टाकलं होतं. म्हणून पारूमावशी थेट बेडरूमच्या दारापर्यंत आल्या.

"वयनी, काय जलला गं? वास कवरा येतोय!" मग त्यांनी खोली बघितली, कापलेला थर्माकोल, तवा, कोपऱ्यातले बाबा. "आगो बाय. भाऊंना काय झाला?"

"लाइट गेली आमची. यांना गरमी सोसत नाही."

"मग हितं कोंडून कला बसलाव? चला आमच्याकरं. दारं-खिरक्या उघऱ्या हायत, पंखा हाय."

"बाहेर गेलो तर पडेन मी," बाबा म्हणाले. हे त्यांनी मावशींना नव्हे, आईला सांगितलं, अगदी हळू, लहान मुलानं सांगावं तसं.

"पडलात तर आम्ही तिघी आहोत," आई म्हणाली. तिनं टॉवेल भिजवून त्यांच्या डोक्यावर ठेवला. एक दंड तिनं धरला, एक मी. आम्ही निघालो. हॉल काही मोठा नव्हता, सोफा ओलांडला की बाहेरचं दार. पण स्वयंपाकघराच्या तोंडाशी बाबांचे पाय थांबले. ते हॉलमध्ये इतक्या सावकाश कित्येक महिन्यांत चालले नव्हते. मला वाटलं आता इथेच बसतात. मावशी पुढून ओरडल्या, "या, या, भाऊ, आला आमचा घर!" आणि ते पुढे सरकले.

पारूमावशींच्या घरात काही गारेगार नव्हतं. तिथेही गरमच होतं. पण त्यांचा फ्लॅट पूर्वेचा होता, दुपारी भिंतींवर ऊन नव्हतं, फरशी नुकतीच पुसलेली होती आणि खिडक्यांवर ओल्या चादरी घातल्या होत्या. पुढच्या दारातून मागच्या गॅलरीपर्यंत हवा वाहत होती. बाबांना आम्ही सरळ फरशीवर झोपवलं. मावशींनी कोकमाचं सरबत केलं. त्यांची बडबड थांबत नव्हती आणि त्या दिवशी तिचा फार आधार वाटला.

"माझी पोरा तीन-तीन एसी लावतान. मी गेली का गारठ्यानं माझी हारा दुखतान, म्हून मी नाय जात. तवा माना म्हंतान, आई जुन्या वलनाची. आता काय सांगू त्याना!"

आई म्हणाली, "तुम्ही मिठागरावर काम केलंय मावशी, तुम्हाला सवय आहे उन्हाची."

"कसली सवय?" मावशी एकदम गंभीर झाल्या. "तवाचा ऊन असा नव्हता, वयनी. असा असता तं आमी जगलोच नसतो. माझ्या भावाला मी आता दुपारी शेताव जाव देत नाय."

बाबा डोळे मिटून ऐकत होते. बराच वेळ गेला. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून होते, आईही. मग त्यांनी एकाएकी डोळे उघडले, हात कपाळावर नेला, आणि बोटं डोळ्यांसमोर धरून बघत राहिले. बोटं ओली होती. टॉवेल तर केव्हाच वाळला होता.

"माधवी," ते म्हणाले, "मला घाम येतोय."

आईनं त्यांच्या मानेला हात लावला, कपाळाला लावला. मान ओली होती, छाती ओली होती, बनियन पाठीला चिकटला होता.

"येणारच," ती म्हणाली. "माणूस आहात."

बाबा रडायला लागले. गोदामात पडले त्या दिवसापासून त्यांनी स्वतःचा घाम बघितला नव्हता. घाम येण्याइतकी उष्णता त्यांनी स्वतःला लागूच दिली नव्हती, आणि मनात धरून बसले होते की आता आपल्याला तो येतच नाही, आपलं शरीर बिघडलंय, पुन्हा तापलं की संपलं. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या फरशीवर पडल्या पडल्या सांगितलं. पारूमावशी आत गेल्या आणि भांड्यांचा उगाच आवाज करत राहिल्या.

संध्याकाळी वायरमन आला, बोर्ड बदलला, एसी पुन्हा सुरू झाला, आणि बाबा पुन्हा त्या खोलीत गेले. एका दुपारनं भीती जात नाही. पुढची कित्येक वर्षं, अगदी शेवटपर्यंत, फेब्रुवारी सरला की त्यांचा चेहरा बदलायचा आणि ते सारखं आकाशाकडे बघायचे. मी मेडिकलला काही गेले नाही, पुण्याला फार्मसीला गेले. त्या वसतिगृहात एसी नव्हता, आणि पहिल्या रात्री खिडकी उघडी टाकून झोपताना मला जो मोकळा श्वास आला त्याबद्दल बाबांपाशी कधी बोलावंसं वाटलं नाही. लोक आता त्या काळाबद्दल बोलतात तेव्हा म्हणतात, ऊन वाढत गेलं आणि माणसं घरात कोंडली गेली. ते खरंच आहे. पण आमच्या घरात कुणाला आत ठेवायचं आणि कुणाला बाहेर, ते उन्हानं ठरवलं नव्हतं.

त्या प्रसंगानंतर चार-पाच दिवसांची गोष्ट. दुपारची वेळ. मी टेबलाशी वाचत होते. थर्माकोल गेला होता, त्यामुळे डोंगराचा एक तुकडा दिसत होता. बाबा खुर्चीतून उठले, साडीची गुंडाळी पायानं बाजूला केली आणि बाहेर गेले. बाथरूमला गेले असतील असं मला वाटलं. पण ते येईनात. मी घाबरून पाठोपाठ गेले.

ते स्वयंपाकघरात होते. आई भाकऱ्या करत होती आणि ते गॅलरीच्या दारात हात बाहेर काढून उभे होते, यंत्राच्या झोतात.

"हे आपल्या खोलीतलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"रोज?"

"रोज," आई म्हणाली. "जा आता आत, झालं बघून."

ते गेले नाहीत. मी पळत जाऊन एसी बंद केला. गॅलरीतला पंखा थांबला, तरी उष्णता तशीच होती, गॅस होता, मे होता. बाबा ओट्याच्या कडेला घट्ट धरून उभे राहिले. कपाळावर घाम जमला, कानशिलांवरून ओघळायला लागला. त्यांचा रंग उतरत होता.

"अहो, जा ना," आई म्हणाली. तिच्या आवाजात आता काळजी होती. "तीन भाकऱ्या राहिल्यात फक्त."

"तू चल. मग मी येतो."

"आणि भाकऱ्या?"

"होऊ देत की. उभा आहे मी."

आई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं पिठाचा गोळा घेतला आणि भराभर थापायला लागली, इतक्या भराभर की एक कडेला फाटली, ती तिनं तशीच तव्यावर टाकली. मी वर्तमानपत्रानं दोघांना वारा घालत होते. त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात तिघांना नीट उभंही राहता येत नव्हतं, कुणाचं कोपर कुणाला लागत होतं. शेवटची भाकरी उतरली. आईनं गॅस बंद केला, गाऊनच्या बाहीनं आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं, आणि त्यांचा दंड धरून चालायला लागली. खोलीच्या दारापाशी दोघंही थांबली. आधी कुणी आत जायचं, यावरून त्यांचं थोडं भांडण झालं.